कोण जिंकलं, कोण आपटलं: कुलीपाची यादी

आमच्या सारीकेचूच्या बाजारात डिसेंबरच्या तीस तारखेला दुपारी बारा वाजता कुणी धंदा करत नाही. खाटीक सुरे खाली ठेवतात. बुटांच्या रांगेतल्या बायका एका पायात बूट घातलेल्या गिऱ्हाइकाला तसंच बसवून ठेवतात. सगळे माना वर करून विजेच्या खांबाला बांधलेल्या भोंग्याकडे बघत राहतात, कारण त्यातून कुलीपा बोलणार असते.

कुलीपा ही आमच्या बाजाराची रेडिओवाली. पिठाच्या गोदामाच्या माडीवर तिची खोली आहे, आणि खोली कसली, मोठी पेटीच ती. एक खुर्ची, एक मायक्रोफोन, विजेची शेगडी आणि वर चढायला एक करकरणारा लाकडी जिना. वर्षभर ती तिथून लग्नं, बारशी, भाव आणि हरवलेली जनावरं सांगते. पण तीस तारखेला ती वर्षाची यादी वाचते. धंद्यात कोण जिंकलं आणि कोण आपटलं, राजकारणात कोण चढलं आणि कोण घसरलं, सगळं नावानिशी.

माझं किटल्या-पेल्यांचं दुकान त्या जिन्याच्या बरोबर खाली, त्यामुळे मी हे सगळं बावीस वर्षं जवळून पाहत आले आहे.

कुलीपा पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. मास्तरांचे पगार थांबले त्या वाईट काळात ती लोकरीचे मोजे घेऊन बाजारात बसली. पहिल्याच दिवशी तिने "मोजेऽऽ!" अशी आरोळी ठोकली आणि पलीकडच्या गल्लीतला घोडा बटाट्यांच्या गाडीसकट उधळला. बाजाराचा व्यवस्थापक नुकसान बघायला आला आणि हिलाच नोकरी देऊन गेला. म्हणाला, "बाई, हा आवाज माझ्या बाजूने असलेला बरा."

त्या वर्षाच्या शेवटी त्याने तिच्या हातात वार्षिक अहवाल दिला. किती टन कांदा आला, किती टपऱ्यांना रंग लावला. दोन ओळी वाचून कुलीपाला जांभई आली आणि ती जांभई भोंग्यातून अख्ख्या बाजाराने ऐकली. लोक हसायला लागले. तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "राहू दे हे. यंदा खरं कोण जिंकलं ते मी सांगते." तेव्हापासून ही यादी सुरू झाली.

ती कुणालाही सोडत नाही. तिसऱ्या वर्षी तिने व्यवस्थापकालाच 'आपटलेल्यां'त टाकलं, कारण त्याने परदेशातून आणलेला वजनकाटा जोराचा वारा आला की दोन किलो जास्त दाखवायचा. एका वर्षी तिच्या सख्ख्या भावाचा नंबर लागला. सरोवराच्या काठी राहून त्याने गोठवलेले समुद्रातले मासे आणून खाणावळ उघडली होती. भाऊ सहा महिने बोलला नाही. सातव्या महिन्यात स्वतःच हसत आला आणि मासे मांजरांना घातले म्हणून सांगून गेला.

डिसेंबर लागला की जिन्यावर ये-जा वाढते. कुणी मध आणतं, कुणी घोड्याच्या मांसाचं सॉसेज. "कुलीपा एजे, यंदा माझं नाव राहू दे हं बाजूला." एजे म्हणजे मोठी बहीण, ती सगळ्यांचीच एजे आहे. कुलीपा सगळं खाते, सगळ्यांना दुवा देते आणि कुणाचंही नाव गाळत नाही. कमाल म्हणजे पुढच्या वर्षी तेच लोक पुन्हा घेऊन येतात.

पण या वर्षी प्रकरण घरात शिरलं.

झालं असं, की नोव्हेंबरच्या मध्याला आमच्या पंचायतीची निवडणूक होती. बाजाराच्या वॉर्डातून एकच जागा आणि उभे तिघे. पहिला मुकानबेत. पेट्रोल पंप त्याचा, पिठाची गिरणी त्याची. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणि तोंडात सतत 'विकास'. दुसरी बात्मा, तंदूरमधून मांस भरलेले साम्से काढून विकणारी, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग असलेली बाई. तिने एकच वचन दिलं होतं, आणि तेही स्वतःच्या तंदूरवर खडूने लिहून: 'बाजारातल्या बायकांच्या संडासाला आतून कडी.' बस. तिसरा अब्दिल्दा.

अब्दिल्दा हा कुलीपाचा नवरा. बाजाराच्या दारापाशी घड्याळं दुरुस्त करतो. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसणारा. न्हाव्याच्या खुर्चीत कुणीतरी त्याला म्हणालं, "अब्दिल्दा आके, तुमच्यासारखी सरळ माणसं पाहिजेत हो पंचायतीत." आके म्हणजे थोरला भाऊ. साबण पुसायच्या आधीच त्याचं मन ठरलं. दुसऱ्या दिवशी अर्ज भरून आला. हाताने लिहिलेलं पत्रक काढलं, त्यात आठ मुद्दे. पहिला मुद्दा 'वेळ पाळीन' आणि आठवा 'सर्वांचं ऐकेन'. मधले सहा कुणालाच आठवत नाहीत, त्यालाही नाही.

आता तोक्तोसूनची फावडी. हा लोखंडी सामान विकणारा. सप्टेंबरमध्ये त्याच्या दुकानापुढे दोन ट्रक येऊन उभे राहिले आणि त्यातून बर्फ ओढायची बाराशे फावडी उतरली. बाराशे! आमच्या गावात घरंच आठशे. लोक विचारायला गेले तर तोक्तोसून गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "हा गुडघा सांगतोय, यंदा असा बर्फ पडेल की खिडकीतून बाहेर यावं लागेल." ऑक्टोबर कोरडा गेला. नोव्हेंबरात लोक नुसत्या सदऱ्यावर फिरू लागले. येणारा-जाणारा त्याला विचारायचा, "काय रे, गुडघा काय म्हणतोय?" बिचारा दुकानात फावड्यांच्या भिंतीआड लपून बसायचा.

आणि एके दिवशी मुकानबेत आला आणि सगळीच्या सगळी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या घराघरात एक एक फावडं पोचलं. पात्यावर मुकानबेतचा हसरा फोटो आणि खाली लिहिलेलं: 'वाट मोकळी करणारा माणूस'. उरलेली त्याने नात्यागोत्यात वाटली. लोक म्हणाले, झालं, निवडणूक संपली.

मतदानाच्या आदल्या रात्री बर्फ सुरू झाला. सकाळी आम्ही दार ढकललं तर उघडेना, इतका. एरवी असल्या दिवशी वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायका शेगडीपासून हलल्या नसत्या. पण या वेळी घराघरात नवंकोरं फावडं होतं! सगळी आळी बाहेर पडली. पोरी, सुना, आज्या, सगळ्या खसाखसा बर्फ ओढत, मुकानबेतचा फोटो बर्फातून, चिखलातून, गोठ्यापुढच्या शेणातून फिरवत मतदान केंद्रापर्यंत पोचल्या. फावडी भिंतीला टेकवली, आत गेल्या आणि बात्माला मत देऊन आल्या.

बात्मा दोनशे चौदा. मुकानबेत एकशे सत्त्याऐंशी. अब्दिल्दा अकरा.

अकरा! कुलीपाचे सासर-माहेरचे मिळून चाळीस मतदार त्या वॉर्डात. आणि खरी गंमत पुढेच होती. निकालानंतरच्या आठवड्यात अब्दिल्दाच्या टपरीवर रांग लागली. जो तो येऊन त्याचा हात हातात घेऊन म्हणायचा, "आके, त्या अकरांतला एक मी." तो ज्याचं त्याचं नाव वहीत लिहून ठेवायचा, आभार मानायला. महिनाअखेरीला वहीत सदुसष्ट नावं झाली. मीही जाऊन सांगून आले होते. काय करणार, त्याने माझं भिंतीवरचं घड्याळ फुकट करून दिलं होतं.

मग डिसेंबर लागला, आणि सगळ्या बाजाराला एकच प्रश्न. कुलीपा नवऱ्याचं नाव घेणार का?

अब्दिल्दाने सरळ कधीच विचारलं नाही. पण तो अचानक घरात कामं करायला लागला. न सांगता लाकडं फोडली. न सांगता गालिचा अंगणात नेऊन बर्फावर आपटून स्वच्छ केला. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला होते. अब्दिल्दा भांडी विसळत होता. पाठमोराच म्हणाला, "यंदा यादीला जागा कमीच पडत असेल नाही का गं? इतकं काय काय झालं वर्षभरात."

"जागा भरपूर आहे," कुलीपा म्हणाली.

"नाही, म्हणजे लहानसहान गोष्टी गाळाव्या लागत असतील."

"म्हातारोबा, अकरा मतं ही लहान गोष्ट आहे का मोठी, ते आधी ठरवा."

त्याच्या हातातली बशी सुटली. माझ्याच दुकानातली होती. मी म्हटलं, "राहू दे, अजून आहेत माझ्याकडे." पण कुलीपा हसली नाही. नेहमी असल्या वेळी ती मांडीवर थापा मारून हसते. त्या दिवशी नुसती पेल्यात बघत बसली.

कुलीपाचे डोळे अधू झाल्यापासून यादी मोठ्या अक्षरांत मीच उतरवून देते. एकोणतीस तारखेला तिने तोंडी सांगितलं आणि मी लिहिलं. धंद्यात जिंकलेला: तोक्तोसून. राजकारणात जिंकलेली: बात्मा. धंद्यात आपटलेली: नदीकाठची ती नवी खाणावळ, जिने जेवणाचे फोटो इतके मोठे लावले की ताटातलं जेवण लोकांना दिसेचना. राजकारणात आपटलेला: मुकानबेत, स्वतःच्याच फावड्याने. शेवटी ती म्हणाली, "आणि वर्षातला सगळ्यांत मोठा आपटलेला माणूस. इथे एक ओळ कोरी ठेव."

"कोरी? नाव सांग की."

"उपेल, लिही म्हटलं तेवढं लिही," तिने मला नावाने दटावलं.

मी कोरी ओळ ठेवली आणि घरी जाऊन जेवले नाही. मला अब्दिल्दाची दया येत होती, आणि खरं सांगते, उद्याची गंमत बघायची घाईही झाली होती.

तीस तारखेला ऊन पडलं होतं, सगळीकडे बर्फ चकाकत होता. बाराला भोंगा खरखरला. "सारीकेचूकरांनो, कानटोप्या वर करा!" कुलीपा म्हणाली आणि हशा पिकला. तोक्तोसूनचं नाव आलं तेव्हा लोकांनी त्याला उचलून बटाट्यांच्या गाडीवर उभं केलं आणि दाबलेल्या लोकरीची, म्हणजे नमद्याची, पांढरी नवी टोपी डोक्यावर चढवली. जिंकणाऱ्याला ती देतात. बात्माच्या नावाला बायकांनी परातीवर कालथे बडवले. मुकानबेतचं नाव आल्यावर कुणीतरी त्याचं फावडं उंच धरलं. फोटोत आता फक्त एक कान उरला होता. मुकानबेत गर्दीच्या कडेला उभा होता, त्याने कोल्ह्याची टोपी काढून सगळ्यांना लवून नमस्कार केला. माणूस दिलदार आहे, ते मानायला पाहिजे.

आता एकच ओळ उरली होती. सगळ्यांनी हळूच टपरीकडे पाहिलं. अब्दिल्दा टपरीच्या दारात उभा, भिंग अजून डोळ्यालाच.

"आता वर्षातला सगळ्यांत मोठा आपटलेला माणूस," कुलीपा म्हणाली. "अकरा मतं सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या अकरांत माझं मत नव्हतं."

खाटकांनी माना आणखी वर केल्या.

"मी केंद्रात गेले. हातात पेन घेतलं, म्हाताऱ्याचं नाव वाचलं. बत्तीस वर्षांत या माणसाने कुणाला 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हटलं, याला पंचायतीत बसवलं आणि पहिल्याच बैठकीत कुणी म्हणालं की नदी विकून टाकू, तर हा म्हणेल, बरं. म्हणून मी बात्माला दिलं. ते ठीक आहे. पण घरी आल्यावर त्याने विचारलं आणि मी सांगितलं, तुम्हालाच दिलं. बावीस वर्षं मी तुमची सगळ्यांची नावं खरी खरी वाचते, आणि माझ्या स्वयंपाकघरात मी खोटं बोलले. तेव्हा यंदाची सगळ्यांत मोठी आपटलेली मी. कुलीपा. लिहून घ्या."

हसावं की रडावं ते कुणालाच कळेना. तेवढ्यात अब्दिल्दा चालू लागला. गर्दीने वाट दिली. तो माझ्या दुकानापुढून गेला, जिना करकरला, आणि भोंग्यातून त्याचा धापा टाकणारा श्वास ऐकू आला.

"हे चालू आहे का?"

"चालूच आहे. बोला काय बोलायचं ते," कुलीपा म्हणाली.

"कुलीपा, मीसुद्धा बात्मालाच दिलं."

"काय?"

"माझं पत्रक वाचलं, तिचा तंदूरही वाचला मी. तिचं चांगलं होतं."

"अहो, पण तुम्ही स्वतः उभे होतात!"

"हो, पण बावीस वर्षं तू त्या संडासात गेलीस की मी बाहेरून दार धरून उभा राहतो. थंडीत बोटं गोठतात, मग दिवसभर बारीक स्क्रू धरता येत नाहीत. म्हटलं, कडी बसली तर..."

"अहो, भोंगा चालू आहे!" कुलीपा किंचाळली.

मग मात्र बाजार फुटला. खाटीक एकमेकांच्या गळ्यात पडले. बुटांच्या रांगेत एका बाईला हसता हसता उचकी लागली ती थांबेना. आणि वरून, भोंग्यातून, कुलीपाचं ते मांडीवर थापा मारत हसणं, बंदच होईना, खांबावरचे कावळे उडून गेले.

हसू जरा ओसरतंय तोच तोक्तोसून गाडीवरून उतरून जिना चढू लागला. नवी टोपी हातात. "एजे, तो मायक्रोफोन जरा इकडे द्या. मंडळी, गुडघा-बिडघा काही नाही. मला एकशे वीस फावडी हवी होती. माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं." लोकांनी पुन्हा बाजार डोक्यावर घेतला. "टोपी परत देऊ का?" त्याने विचारलं. "ठेव, ठेव!" सगळे ओरडले. "शून्याला दे!" कुणीतरी म्हणालं.

आता जिन्यावर रांगच लागली. मुकानबेत चढला तेव्हा पायऱ्या अशा वाजल्या की मी पेले आत घेतले. "माझ्या आईने बात्माला मत दिलं," तो भोंग्यात म्हणाला. "आणि न्याहरीच्या वेळी मला तोंडावर सांगितलं. म्हणाली, बाळा, तुझ्या घराच्या दाराला कड्या आहेत, माझ्या मैत्रिणींना बाजारातल्याच संडासात जावं लागतं."

"आणि तू काय म्हणालास, आके?" खालून कुणीतरी विचारलं.

"काय म्हणणार? लोणी पुढे सरकवलं."

सगळ्यांत शेवटी बात्मा गेली, दोन्ही हातांत साम्स्यांचं ताट. तिला कबूल करायचं काही नव्हतं. "मी मला स्वतःलाच मत दिलं," ती म्हणाली. "दोनदा देता आलं असतं तर दोनदा दिलं असतं. आता खा, गार होतील."

त्या दुपारी कुणी काही विकलं नाही. न्हाव्याने अकॉर्डियन काढला, बर्फ तुडवून तुडवून बुटांच्या रांगेपुढे गुळगुळीत रिंगण झालं, आणि व्यवस्थापक स्वतः दोन हात वर करून नाचताना घसरून पडला. कडीचं पुढे पंचायतीत दोन बैठकांमध्ये रेंगाळलं. रंग कोणता, ठराव कुणी मांडायचा, वगैरे. तिसऱ्या बैठकीला बात्मा ताटभर साम्से घेऊन गेली आणि ठराव मंजूर झाल्याशिवाय ताट उघडलं नाही. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कडी बसली. बायका नुसती लावून काढून बघायला जायच्या.

ते खरे अकरा जण कोण, ते मात्र आजही कुणाला माहीत नाही. अब्दिल्दाने वही जपून ठेवली आहे आणि सदुसष्टच्या सदुसष्ट जणांवर त्याचा विश्वास आहे. मी एकदा जाऊन खरं सांगून टाकलं, की आके, मीही नव्हते हो त्यात. त्याने भिंग काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "असू दे गं, नाव खोडलं तर वही घाण दिसेल."

पण तीस तारखेची संध्याकाळ मला सगळ्यांत जास्त आठवते. ऊन कलत होतं, सरोवरावर गुलाबी धुकं आलं होतं, आणि आम्ही तिघं घरी निघालो होतो. दहा पावलं चालली की कुलीपाला पुन्हा आठवायचं. "दार धरून उभा राहतो म्हणे," ती पुटपुटायची आणि पुन्हा हसायला लागायची. पुलाजवळ तिला इतकं हसू आलं की ती बर्फात फतकल मारून बसली. अब्दिल्दाने एका हाताने ओढलं, मी दुसऱ्या हाताने, आणि आम्ही दोघंही तिच्या अंगावर कोसळलो. तीन म्हातारी माणसं, रस्त्याच्या कडेला, बर्फात उताणी. एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारायला लागला, "एजे, काय झालं? लागलं का कुठे?"

कुलीपाने डोळे पुसले. "काही नाही रे बाबा," ती म्हणाली. "आम्हाला मतं कमी पडली."

ट्रॅक्टरवाल्याला काही कळलं नाही. पण त्याने तिघांनाही मागच्या पेंढ्यावर बसवलं आणि दारापर्यंत सोडलं.